नवऱ्याचा प्लॅन वेगळा, माझा वेगळा

अमेरिकेत इतकी वर्षं नोकरी करून निवृत्त होताना मला सगळ्यांत चमत्कारिक काय वाटलं असेल, तर मेडिकेअरला, म्हणजे इथल्या पासष्टीनंतरच्या सरकारी आरोग्यविम्याला, नवरा-बायको हा प्रकारच ठाऊक नाही. माझ्या कंपनीच्या विम्यात आम्ही दोघं होतो, त्याआधी मुलंही होती. पगारातून एक रक्कम कापली जायची आणि फार्मसीत कार्ड दाखवलं की काम व्हायचं. मेडिकेअरमध्ये प्रत्येकाचं कार्ड वेगळं, प्रीमियम वेगळा, आणि औषधांचा विमा तर ज्यानं त्यानं आपापल्या गोळ्या बघून निवडायचा. आता आमच्या एका घरात दोन प्लॅन, दोन फार्मस्या आणि दोन जाडजूड नियमावल्या आहेत.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. २०२५ च्या डिसेंबरात मला पासष्ट पूर्ण झाली आणि वर्षअखेरीला मी नोकरी सोडली. नवरा सदुसष्ट ओलांडलेला, माझ्याआधीच निवृत्त झालेला. तो माझ्या विम्यावर असल्यामुळे त्यानं मेडिकेअरचा फक्त पार्ट ए, म्हणजे हॉस्पिटलचा भाग घेऊन ठेवला होता. डॉक्टरांचा पार्ट बी आणि औषधांचा पार्ट डी लांबणीवर टाकला होता. जोडीदार नोकरीत असेपर्यंत ते नियमात बसतं. पण माझी नोकरी सुटताच दोघांची घड्याळं एकदम चालू झाली, आणि तीही वेगवेगळ्या वेगानं. माझी मुदत पासष्टाव्या वाढदिवसाच्या महिन्याभोवतीची सात महिन्यांची: आधीचे तीन, तो महिना आणि नंतरचे तीन. नवऱ्याला पार्ट बी साठी नोकरीचा विमा सुटल्यापासून आठ महिने, पण पार्ट डी साठी फक्त दोन. शिवाय दर वर्षी १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर ही सगळ्यांसाठीची खुली मुदत असतेच. आठ महिने आहेत असं ऐकून निवांत बसलेल्या माणसाचं औषधांचं दार मधल्यामध्ये बंद होतं. हे दोन नियम एकाच आकड्यावर आणायला कुणाचं काय बिघडलं असतं, ते मला अजून समजलेलं नाही.

पार्ट डी मुळात इतका गुंतागुंतीचा का, हे समजायला थोडं मागं जावं लागतं. मेडिकेअर १९६५ चं. तेव्हा म्हाताऱ्या माणसाला भीती असायची ती हॉस्पिटलच्या बिलाची. घरी घ्यायच्या गोळ्या त्यात धरल्याच नव्हत्या. त्या यायला २००३ उजाडलं. तो कायदा प्रतिनिधिगृहात पहाटे मंजूर झाला. मतदान पंधरा मिनिटांत संपायचं, ते जवळपास तीन तास उघडं ठेवून मतं फिरवली गेली. २००६ च्या १ जानेवारीपासून योजना सुरू झाली, पण सरकारनं स्वतःचा एक प्लॅन काढलाच नाही. प्लॅन खासगी कंपन्यांनी काढायचे, सरकारनं पैसे घालायचे, आणि औषध कंपन्यांशी किमतीची घासाघीस सरकारनं करायची नाही, असं कायद्यातच लिहून टाकलं. त्यामुळे तुम्ही मेडिकेअरचे सभासद असलात तरी 'मेडिकेअरचा औषधांचा प्लॅन' अशी एक वस्तू नसते. तुमच्या भागात जे काही प्लॅन विकायला असतील, त्यांतून एक उचलायचा. कोणती औषधं त्यात आहेत ती यादी प्रत्येकाची निराळी, आणि ती दर वर्षी बदलते.

सप्टेंबरपासून पोस्टाची पेटी भरायला लागली. दिवाळी अंक यावेत तशी पत्रकं येत होती: गुळगुळीत कागद, हसणारी पांढऱ्या केसांची जोडपी, आणि कोपऱ्यात वाचता येणार नाही एवढ्या अक्षरांत अटी. फोनही सुरू झाले. ओळख नसताना असा फोन करून प्लॅन विकायला एजंटांना मनाई आहे, तरी करणारे करतात. काही तर सरळ 'मेडिकेअरमधून बोलतोय, तुमचा कार्ड नंबर सांगा' म्हणतात. नवरा अशांशी मराठीत बोलतो. दोन वाक्यांत पलीकडून फोन ठेवला जातो. ज्यांना मराठी येत नाही त्यांनी काय करावं कोण जाणे.

पत्रकांच्या त्या ढिगात एक कागद मात्र खरा कामाचा होता, आणि तो सगळ्यांत कंटाळवाणा दिसत होता. माझ्या कंपनीकडून दर वर्षी शरदात येणारं पत्र: तुमच्या विम्यातला औषधांचा भाग मेडिकेअरच्या तोडीचा आहे. 'क्रेडिटेबल कव्हरेज' म्हणतात ते हेच. पासष्टीनंतर असा तोडीचा विमा नसताना सलग त्रेसष्ट दिवस किंवा जास्त काळ गेला, तर पार्ट डी घेताना दंड लागतो आणि तो पुढे जन्मभर चालतो. हिशेब असा, की विम्याशिवाय गेलेल्या प्रत्येक महिन्याला देशभरासाठी ठरलेल्या मूळ प्रीमियमचा एक टक्का. २०२६ साठी हा मूळ प्रीमियम ३८.९९ डॉलर आहे. चोवीस महिने विम्याविना काढले असते तर चोवीस टक्के, म्हणजे महिन्याला ९.४० डॉलर, आणि मूळ आकडा दर वर्षी बदलतो तसा हाही बदलतो. रक्कम ऐकून कुणाला काही वाटत नाही. पण वीस वर्षं भरायची म्हटली की दोन हजार डॉलरच्या वर जाते.

'मला तर कुठलंच औषध चालू नाही, विमा कशाला?' असं म्हणणारे आमच्या मंडळाच्या ज्येष्ठांच्या गटात बरेच आहेत. रोज योगासनं करणारी, रक्तदाब नाही, साखर नाही. त्यांच्यासाठीच हा दंड ठेवलेला आहे. तब्येत ठणठणीत असताना कुणी पैसे भरणार नाही आणि आजारी पडल्यावर सगळे धावत येतील, हे कायदा करणाऱ्यांना माहीत होतं. अशांनी आपल्या भागातला सर्वांत स्वस्त प्लॅन घेऊन ठेवावा, एवढंच मी सांगते. त्यात नागीण होऊ नये म्हणून घ्यायची शिंगल्सची लस फुकट मिळते, २०२३ पासून तसा नियमच आहे. फ्लूची लस पार्ट बी मधून आणि शिंगल्सची पार्ट डी मधून का, हे विचारू नका.

मग निवड. मेडिकेअरच्या सरकारी संकेतस्थळावर प्लॅन शोधायचं एक साधन आहे. त्यात पिनकोड घालायचा, औषधं घालायची, आपल्या सोयीच्या पाचपर्यंत फार्मस्या निवडायच्या, की ते प्रत्येक प्लॅनचा वर्षभराचा प्रीमियम आणि औषधांचा खर्च मिळून एक आकडा देतं. साधन चांगलं आहे, पण त्याला सगळं अचूक लागतं. 'ब्लडप्रेशरची पांढरी गोळी' चालत नाही. गोळी की कॅप्सूल, किती मिलिग्रॅम, महिन्याला किती, ब्रँड की जेनेरिक. नवऱ्याच्या सगळ्या डब्या मी जेवणाच्या टेबलावर मांडल्या आणि लेबलं वाचून वहीत लिहून घेतल्या. हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणून रक्त पातळ ठेवायला एलिक्विस ५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि जार्डियन्स १० मिलिग्रॅम. कोलेस्टेरॉलसाठी अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन. माझी यादी लहान: थायरॉइडची गोळी, तेच अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन, आणि काचबिंदूसाठी रात्री डोळ्यांत घालायचे थेंब, लुमिगन.

"दोघांना एकच घेऊ, लक्षात ठेवायला सोपं," नवरा म्हणाला.

"तुझ्या यादीवर जो पहिला येतो तो माझ्या यादीवर पार खाली आहे. बघ."

तो बघत बसला. मग म्हणाला, "आपल्याकडे याला वेगळ्या चुली मांडणं म्हणतात."

प्लॅनच्या यादीत औषधांच्या पायऱ्या असतात, टियर. पहिल्या दोन पायऱ्यांवर स्वस्त जेनेरिक, तिसरीवर पसंतीचे ब्रँड, चौथीवर नापसंतीचे, पाचवीवर महागडी खास औषधं. पहिल्या दोन पायऱ्यांना बरेच प्लॅन डिडक्टिबल, म्हणजे विमा सुरू होण्याआधी आपण भरायची रक्कम, लावत नाहीत. मेटफॉर्मिन किंवा अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन बऱ्याच ठिकाणी फुकट किंवा दोन-चार डॉलरला मिळतं. खरा खेळ तिसऱ्या पायरीपासून सुरू होतो. २०२६ मध्ये डिडक्टिबल जास्तीत जास्त ६१५ डॉलर असू शकतं. ते आधी स्वतःच्या खिशातून भरायचं, नंतर साधारण पाव हिस्सा आपला. आणि वर्षभरात आपल्या खिशातून २,१०० डॉलर गेले की पुढे वर्षअखेरपर्यंत प्लॅनमधल्या औषधांना काहीच द्यायचं नाही.

ही वरची मर्यादा नवीन आहे. २०२२ च्या कायद्यानं ती आणली, २०२५ मध्ये २,००० डॉलरनं सुरुवात झाली. त्याआधी निवृत्त झालेल्या माझ्या मैत्रिणी 'डोनट होल'च्या गोष्टी सांगतात. खर्च एका ठरावीक आकड्यावर गेला की विमा मध्येच हात काढून घ्यायचा आणि बऱ्याच खर्चानंतर पुन्हा यायचा. सुरुवातीच्या वर्षांत त्या खड्ड्यात पूर्ण किंमत भरावी लागायची. त्यातली एक ऑक्टोबर-नोव्हेंबरात इन्सुलिन पुरवून पुरवून वापरायची. शिकलेली, घरदार असलेली बाई. आता पार्ट डी मध्ये इन्सुलिनला महिन्याला ३५ डॉलरपेक्षा जास्त घेता येत नाहीत, डिडक्टिबलही लागत नाही.

त्याच कायद्यानं सरकारला घासाघीस करायची मुभा दिली, निवडक औषधांपुरती. पहिल्या दहांत नवऱ्याची दोन्ही महागडी औषधं होती. ठरलेले भाव १ जानेवारी २०२६ पासून लागू झाले. एलिक्विसचा महिन्याचा छापील भाव ५२१ डॉलर होता, तो २३१ वर आला. जार्डियन्सचा ५७३ वरून १९७. अशी ठरलेली औषधं प्रत्येक प्लॅनला यादीत ठेवावीच लागतात, त्यामुळे नवऱ्याच्या बाबतीत 'यादीत आहे का' ही चिंता मिटली. उरला तो हिशेब, आणि तो मी कागदावर मांडला. दोन्ही मिळून महिन्याला ४२८ डॉलर. ६१५ चं पूर्ण डिडक्टिबल आणि नंतर पंचवीस टक्के धरले, तर वर्षाचे सुमारे १,७४५. डिडक्टिबल नसलेलेही प्लॅन होते, पण त्यांचा प्रीमियम इतका, की इकडे वाचवलेलं तिकडे जात होतं. काही ठिकाणी वर आणखी जात होतं.

या हिशेबातून मला एक गोष्ट कळली, ती एकाही पत्रकात लिहिलेली नव्हती. कुठल्याही प्लॅनमध्ये वाईटात वाईट वर्ष किती महाग पडेल ते आता आधी सांगता येतं: बारा महिन्यांचे प्रीमियम अधिक २,१००. अट एकच, औषध प्लॅनच्या यादीत हवं. यादीबाहेरचं औषध घेतलं, किंवा कूपन दाखवून प्लॅनला वळसा घालून रोख पैशानं घेतलं, तर ते पैसे या २,१०० मध्ये मोजत नाहीत. म्हणून महागडी औषधं चालू असलेल्यानं प्रीमियम आणि यादी बघावी, बाकी भपका सोडून द्यावा. ज्याची औषधं स्वस्त जेनेरिक आहेत त्याला तर ही मर्यादा कधी लागणारच नाही, त्यानं नुसता प्रीमियम बघितला तरी चालतं. मी माझ्यासाठी तेच केलं असतं, पण मध्ये ते थेंब होते.

काउंटीच्या ज्येष्ठ नागरिक केंद्रात प्रशिक्षण घेतलेले स्वयंसेवक मेडिकेअरचा सल्ला फुकट देतात. हा सरकारी कार्यक्रम प्रत्येक राज्यात आहे, शिप म्हणतात. ते काही विकत नाहीत, म्हणूनच जावंसं वाटलं. दलाल प्रामाणिक असतात, नाही असं नाही, पण त्यांना कमिशन कंपनीकडून मिळतं आणि ते सगळ्याच कंपन्यांचे प्लॅन ठेवतात असं नाही. केंद्रात आमच्या समोर बसलेली बाई स्वतः ऐंशीच्या घरात असेल. तिनं माझी वही घेतली, चष्मा सरकवला आणि पहिला प्रश्न विचारला, "फार्मसी कुठली?"

मी आमच्या नेहमीच्या दुकानाचं नाव सांगितलं. तिथला गुजराती फार्मसिस्ट आम्हाला मुलं लहान असल्यापासून ओळखतो; दोन औषधं एकमेकांना चालत नसली तर डॉक्टरला स्वतः फोन करतो. बाईनं त्याच प्लॅनवर फार्मसी बदलून दाखवली. प्लॅन तोच, गोळ्या त्याच, आणि वर्षाच्या आकड्यात चांगलाच फरक. कारण त्या प्लॅनच्या पसंतीच्या दुकानांत आमचं दुकान नव्हतं. ही 'पसंती' कंपनी आणि दुकानांच्या साखळ्या यांच्यात ठरते. आपल्या फार्मसिस्टनं आपल्याला किती वेळा वाचवलं याला त्यात कुठंही रकाना नाही. शेवटी नवऱ्याची औषधं साखळी दुकानातून आणि टपालानं, माझी जुन्याच ठिकाणाहून, असं ठरलं. आमच्या फार्मसिस्टला ते सांगायला मी स्वतः गेले. "भाभी, सगळे तेच करतायत," एवढंच तो म्हणाला.

त्या बाईला अमुक प्लॅन घ्या असं सांगायची परवानगी नाही. ती फक्त दाखवते. पण लुमिगनपाशी आल्यावर तिनं बोट ठेवलं. माझ्या यादीवर सर्वांत स्वस्त आलेल्या प्लॅनमध्ये त्याच्यापुढे एक खूण होती: स्टेप थेरपी. म्हणजे आधी स्वस्त औषध वापरून बघा, ते चाललं नाही असं सिद्ध झालं की मग हे देऊ. काचबिंदूत स्वस्त औषध म्हणजे लॅटॅनोप्रोस्ट. ते मी काही वर्षांपूर्वी वापरून सोडलेलं होतं, डोळे लाल व्हायचे. पण ते जुन्या विमा कंपनीला ठाऊक. नव्या प्लॅनच्या दृष्टीनं मी आजच जन्माला आलेली. खूण नसलेला पुढचा प्लॅन बराच महाग होता. डोळ्यांच्या डॉक्टरकडे सगळी नोंद असल्यामुळे मी स्वस्तच घ्यायचं ठरवलं आणि त्यांच्या ऑफिसात आधीच सांगून ठेवलं की जानेवारीत तुम्हाला एक फॉर्म भरावा लागणार आहे.

तसंच झालं. जानेवारीत फार्मसीच्या काउंटरवर थेंब अडले. पण नवीन प्लॅनमध्ये आल्यावर पहिल्या नव्वद दिवसांत, चालू असलेलं औषध एकदा महिनाभराचं द्यावंच लागतं, असा नियम आहे. मी ते नावानिशी मागितलं: ट्रान्झिशन फिल. काउंटरवरच्या मुलीला माहीत नव्हतं, तिनं आत विचारलं, मिळालं. मग डॉक्टरांचा अर्ज गेला. त्यांचं म्हणणं पोचल्यापासून बहात्तर तासांत प्लॅननं उत्तर द्यायचं असतं. मंजुरी आली, तीही एका वर्षापुरती. डॉक्टरांच्या ऑफिसातली ती बाई मला म्हणाली की जानेवारीत तिचा अर्धा दिवस असल्या अर्जांतच जातो. त्या अर्ध्या दिवसाचा पगार आपल्याच बिलातून कुठूनतरी निघत असणार. मेडिकेअरवर होणाऱ्या चर्चेत हा खर्च कुणी मोजताना मला दिसलेला नाही.

पुण्यात माझा मोठा भाऊ केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालाय. त्याला सीजीएचएस, म्हणजे केंद्रीय कर्मचाऱ्यांची सरकारी आरोग्य योजना आहे. व्हिडिओ कॉलवर मी हे सगळं सांगत होते.

"अगं, पण डॉक्टरनं लिहून दिलंय ना? मग विमा कंपनी मध्ये कोण?" दादा म्हणाला.

"तीच तर डॉक्टरच्या वर आहे इथे."

"आमच्याकडे औषध नसलं तर बाहेरून मागवतात. दुसऱ्या दिवशी परत जा, परत रांग. पण कुठली गोळी कुठल्या पायरीवर, हे मला कधी शोधावं लागलेलं नाही."

दादाची रांग मी पाहिलेली आहे. ती काही हौसेनं उभं राहावं अशी नाही. आणि भारतात सीजीएचएस नसलेल्या माणसाला घरी घ्यायच्या गोळ्या बहुधा स्वतःच्या खिशातूनच घ्याव्या लागतात. म्हणून 'आपल्याकडे किती सोपं' असं मी म्हणणार नाही. पण तिथे रांगेत शरीर थकतं, इथे डोकं थकतं, आणि ते नेमकं डोकं थकायच्या वयात. मी आयुष्यभर प्रयोगशाळेत आकडे हाताळले, तरी मला वही लागली. ज्यांचं इंग्रजी कामापुरतं आहे, मुलांनी सत्तरीत इथे आणलेले आई-वडील, पाच वर्षं ग्रीनकार्डावर काढून मेडिकेअर विकत घेणारे, त्यांनी या याद्या वाचायच्या तरी कशा? त्यांचे प्लॅन मुलं निवडतात, आणि मुलांना आईच्या गोळ्यांची नावं माहीत नसतात. आमच्या मंडळात दर ऑक्टोबरात हेच घडतं: 'तुम्ही कुठला घेतलात? आम्हीपण तोच घेतो.' त्यापेक्षा शेजाऱ्याचा चष्मा उसना घ्यावा.

सगळं एकत्र देणाऱ्या अ‍ॅडव्हांटेज प्लॅनचा विचार आम्ही केला आणि सोडला. त्यात औषधंही येतात, प्रीमियम कित्येकदा शून्य असतो, पण डॉक्टरांचं जाळं ठरलेलं, आणि सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलात तर नाव कमी होऊ शकतं. आमचं पुण्याला जाणं-येणं लांबतं. म्हणून मूळ मेडिकेअर, जोडीला मेडिगॅपचा, म्हणजे मेडिकेअरनं आपल्यावर सोडलेला हिस्सा भरणाऱ्या खासगी विम्याचा, प्लॅन जी, आणि वेगळा पार्ट डी. ज्यांना प्रवास नाही त्यांचं गणित निराळं येईल.

नाव नोंदवल्यावरही दोन पत्रं आलीच. एक सोशल सिक्युरिटीचं: तुमचं उत्पन्न जास्त, म्हणून औषधांच्या प्रीमियमवर महिन्याला माणशी १४.५० डॉलर वरचे. उत्पन्न कुठलं, तर दोन वर्षांपूर्वीच्या करविवरणातलं, २०२४ चं, आम्ही दोघंही कमावत होतो तेव्हाचं. जोडप्याला २,१८,००० डॉलरच्या वर गेलं की ही पट्टी लागते, आणि पार्ट बी वर तर आणखी मोठी. नोकरी सुटली हे कारण मान्य असतं. एसएसए-४४ नावाचा फॉर्म भरून कंपनीचं पत्र जोडलं आणि ती पट्टी उतरली. दुसरं पत्र नवऱ्याच्या प्लॅनचं: पासष्टीपासून आतापर्यंत तुमचा औषधांचा विमा कुठे होता, तीस दिवसांत कळवा, नाहीतर दंड. तेव्हा ती कंटाळवाणी पत्रं बाहेर निघाली. सगळ्या वर्षांची होती. उत्तर गेलं, दंड लागला नाही.

जानेवारीच्या शेवटी पुण्याला निघायचं होतं, म्हणून नवऱ्याची तीन महिन्यांची औषधं एकदम मागवली. डिडक्टिबल सगळं पहिल्याच बिलात आलं: ७८० डॉलरच्या आसपास. त्यासाठीही आता सोय आहे. प्लॅनला आधी कळवलं तर फार्मसीत काही द्यावं लागत नाही, रक्कम वर्षभरात वाटून घरी बिल येतं, व्याज नाही. जानेवारीत घेतलं तर पहिल्या महिन्याला १७५ पेक्षा जास्त मागता येत नाही. आम्ही कळवून ठेवलं होतं. ही सोय काउंटरवर उभं राहून आयत्या वेळी मागता येत नाही. पत्रकात ती अगदी मागच्या पानावर होती.

पुण्यात मुक्काम मेपर्यंत वाढला. नव्वद दिवसांच्या गोळ्या संपत आल्या तेव्हा तिथल्या डॉक्टरांकडून लिहून घेतलं आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेलो. जार्डियन्समधलं औषध म्हणजे एम्पाग्लिफ्लोझिन. त्याचं भारतातलं पेटंट २०२५ च्या मार्चमध्ये संपलं आणि कितीतरी कंपन्यांच्या गोळ्या आल्या. काहींची गोळी दहा रुपयांच्या आतबाहेर. एलिक्विसची जेनेरिकही भारतात आहे. अमेरिकेत ती २०२८ च्या एप्रिलआधी यायची नाही. दुकानदारानं दोन्हींच्या पट्ट्या मोजून दिल्या, बिल केलं. नवऱ्यानं विचारलं, "हे आपल्या एकवीसशेत धरतील?" भारतात घेतलेल्या औषधाचं बिल पार्ट डी कुठेच धरत नाही. मी त्याला पैसे द्यायला सांगितलं.